डाग

जुन्या पोळपाटाची पाठ
आता माझं टेबल आहे.
पुढून अजून पिठूळ, मागून जळकी.
पंचवीस वॅटच्या टोकाचे सात-आठ ठिपके,
एक मोठा, दूध उतू गेलं त्या रात्रीचा.

लॅमिंग्टन रोडला, छेडांच्या दुकानात,
काउंटरवरच्या पोराने विचारलं,
"मुलाचा प्रोजेक्ट का, मॅडम?"
"माझाच," म्हटलं.
त्याने एकदा चष्म्याकडे, एकदा मंगळसूत्राकडे पाहिलं
आणि दहा रेझिस्टर मोजताना बारा टाकले पुडीत.
परतीच्या बसमध्ये पुडी सोडून
रंग वाचत बसले.
तपकिरी, काळा, नारिंगी : दहा हजार.
पिवळा, जांभळा, तपकिरी : चारशे सत्तर.
लुगड्यांचे काठ ओळखणारे डोळे,
फार शिकवावं लागलं नाही त्यांना.

पोरगा सोल्डर म्हणतो.
माझ्या तोंडात डाग येतो,
आमच्याकडच्या कासाराचा शब्द.
फुटक्या चरवीला देतात तो डाग,
गळ्यात घालतात तोही डाग,
पदरावर पडतो तो,
आणि एस्टीतून उतरताना
"किती डाग होते गं आपले?" म्हणून मोजतात तेही.
एका शब्दाला इतक्या तारा जोडल्या कुणी,
आणि एकही सुटलेली नाही.

कन्नमवार नगरात आमच्या पाणी पहाटे येतं,
कधी तीनला, कधी साडेचारला,
अर्धा तास, तेही नळाच्या मर्जीने.
म्हणून हे :
नळाखालच्या बादलीत दोन उघड्या तारा,
एक ट्रान्झिस्टर, एक बझर, नऊ व्होल्टची बॅटरी.
पाण्यानेच पूल बांधायचा,
पाण्यानेच हाक मारायची.

पहिल्या रात्री मी बावीस वर्षांत पहिल्यांदा
गजर न लावता झोपले.
पाणी आलं. गेलं.
बादली भरून वाहिली, पिंप कोरडं,
बझर मुका.
मोरेश्वरने अर्ध्या तांब्यात दाढी केली,
काही बोलला नाही.
किती वेळ काही बोलला नाही,
ते मला नीट माहीत आहे.

संध्याकाळी भिंगातून सापडला.
डाग होता, पण राखाडी, मिंधा,
वरून चिकटलेला, आतून अलग.
मी कथील तापवत बसले होते.
तापवायची असते तार.
ती तापली की कथील आपण होऊन धावतं तिच्याकडे.
पुन्हा दिला. चकाकला.
राळेच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं,
ते मात्र वेळेवर.

दुसऱ्या रात्री तीन पन्नासला
असा किंचाळला
की समोरच्या इमारतीतही दोन दिवे लागले.
मोरेश्वर उठून पिंपाशी उभा राहिला, म्हणाला,
"जरा हळू नाही का ओरडत तुझा हा?"
'तुझा हा' म्हणाला. मी ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या नार्वेकरबाई वर आल्या.
"मलाही एक कर. पण आवाज नको,
सुनेचं बाळ उठतं. दिवा कर."
मी म्हटलं, "दिवा दिसायला जागं असावं लागतं, बाई."
"जागीच असते मी," म्हणाल्या,
"नुसतं अंधारात नळाला कान लावून बसणं
नको वाटतं आता."

बझर काढला. लाल एलईडी घातला,
लांब पाय अधिक, आखूड पाय उणे,
चारशे सत्तरचा एक रेझिस्टर,
त्या पोराने जास्त दिलेल्या दोघांतला.
बाईंनी पैसे विचारले. मी कोथिंबिरीची जुडी घेतली.

काल पहाटे गॅलरीत उभी होते.
का, ते विचारू नका.
खाली त्यांच्या मोरीची खिडकी
हळूच लाल झाली.
आत कुणीतरी उठल्याची सावली, कळशीचा आवाज.
आणि मग, बऱ्याच वेळाने,
माझ्या घरात माझा बझर.

तळमजल्याला पाणी आधी पोचतं.